श्रावणातला बाजा

महाडच्या चवदार तळ्याच्या काठावर दर मार्चमध्ये भरणाऱ्या मेळाव्याची बातमी करायला मी गेलो होतो. तळ्याभोवती कर्णे लावलेले होते, पुस्तकांची दुकानं रस्त्यावर आली होती, आणि समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक मला हात करून बोलावत होता. फोन माझ्यासाठी होता. आमच्या कार्यालयातून कुणीतरी त्या दुकानाचा नंबर वसंताला दिला होता. वसंता माझा मावसभाऊ, पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून बोलत होता. कर्ण्यांच्या आवाजात त्याच्या बोलण्याचे तुकडेच माझ्यापर्यंत पोचले. "आई..." मग काही नाही. मग "सकाळी", मग "सुनीता हलवतेय तर". मधल्या जागा मी माझ्या मनाने भरल्या आणि सवयीने म्हटलं, "वसंता, पुन्हा एकदा सांग. सावकाश." त्याने पुन्हा सांगितलं. चंद्रामावशी रात्री जेवून झोपली ती सकाळी उठली नव्हती. मी मनात भरलं होतं तेच खरं निघालं. बातमीदारीत असं क्वचित होतं.

चंद्रामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या घाटाकडे जाणारा रस्ता सोडून आत गेलं की एका ओढ्याच्या कडेला तिची वाडी लागते. मागे डोंगर, पुढे ओढा, ओढ्यापलीकडे भाताची खाचरं. काका मुंबईत एका गोदामावर पहारेकरी होते, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घरात मावशी, वसंता आणि त्याची बायको सुनीता. शेती बेताची. पण वाडीत मावशीला मान होता, आणि तो गाण्यामुळे होता.

त्या भागात हळदीच्या संध्याकाळी बायका जात्याभोवती बसतात आणि हळद दळताना गाणी म्हणतात. एक बाई ओळ धरते, बाकीच्या ती झेलतात. धरणारीला सगळी गाणी त्यांच्या क्रमाने पाठ असावी लागतात. शिवाय ज्या घरचं लग्न आहे त्या घरची नावं ओळींत बरोबर जागी घालावी लागतात... वारलेल्या आजोबांपासून लांब दिलेल्या आत्यापर्यंत. एखादं नाव गळलं तर मांडवातच रुसवा धरला जातो. मावशीकडून नाव कधी गळलं नाही. शेजारची लाडूबाई तिच्या उजव्या हाताला बसायची आणि ओळ पहिली झेलायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. "चंद्रीचा आवाज म्हंजे फाटका पत्रा," असं लाडूबाई चारचौघांत म्हणायची, आणि लगेच पुढे, "पण त्या पत्र्याखाली आमी सगळ्या कोरड्या ऱ्हातो."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मावशीचे कान जाऊ लागले. हे बराच काळ कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाडीत बोललं जाणारं बहुतेक सगळं तिला आधीच माहीत होतं. पाण्याला निघालेली बाई सकाळी काय विचारते, गुरं घेऊन परतणारा माणूस संध्याकाळी काय म्हणतो, हे ऋतूप्रमाणे ठरलेलं. समोरच्याचा चेहरा आणि आभाळ पाहून ती उत्तर द्यायची आणि ते बरोबर असायचं. गाण्यातही अडचण आली नाही. झेलणाऱ्यांना ऐकावं लागतं, धरणारीला नाही. सुनीता लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, कारण तिच्या बोलण्याची मावशीला अजून सवय नव्हती. "आई माज्याशी बोलताना भलतंच बोलतात," असं तिने वसंताला सांगितलं. वसंताला वाटलं, सासू-सुनेचं काहीतरी बिनसलं असेल.

मग एका आषाढात, धो धो पाऊस पडत असताना, मावशीने सुनीतेला विचारलं, "कुणाचं लगीन हाय गो?"

सुनीता हसली. आषाढात लग्न कुठलं? मावशी म्हणाली, "मंग बाजा कुणाचा वाजतोय?"

बाजा म्हणजे खालूबाजा. पुढे सनई, मागे ढोल, टिमकी आणि झांज. आमच्याकडे लग्नाची वरात आणि देवाची पालखी त्याच्याशिवाय निघत नाही. मावशीला तो ओढ्याच्या पलीकडून ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही आला. सुनीतेचं हसू गेलं. त्या वाडीत जुन्या बायका सांगतात की भर पावसात, लग्नसराई नसताना बाजा ऐकू आला तर ती वेताळाची वरात असते, आणि ती वाडीतून कुणालातरी घेतल्याशिवाय जात नाही. ऐकू येत असताना तिचं नावही तोंडातून काढायचं नसतं. सुनीतेने हे फक्त लाडूबाईला सांगितलं. आठवड्याच्या आत लाडूबाईलाही बाजा ऐकू येऊ लागला. मग आणखी दोघींना. खालच्या घरातले धोंडूमामा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले होते. श्रावण लागता लागता ते वारले, आणि वाडीने हिशेब जुळवून टाकला.

मावशीला कुणी वाईट बोललं नाही. त्यांनी फक्त तिच्या पडवीत बसणं सोडलं. नव्या बाळंतिणीकडे ती निघाली तर बाळ झोपलंय असं दारातूनच सांगितलं जाऊ लागलं. हेही तिने सोसलं असतं. पण लाडूबाईच्या कुसुमचं लग्न ठरलं होतं, येत्या वैशाखात व्हायचं होतं, आणि लाडूबाईने सुनीतेच्या हाती निरोप धाडला की चंद्राने हळदीला येऊ नये. सुनीतेने तो निरोप समोर बसून, ओठ हलवून, दोनदा सांगितला. मावशी भाजी चिरत होती. तिने विळी पाडून ठेवली. "हळद लावू नको म्हनली असती तर चाललं असतं," ती म्हणाली. "गाणं धरू नको म्हनते... कुसुमच्या आजीचं नाव कोण घालील? लाडीला सोताच्या सासूचं नाव तरी येतंय काय?"

वसंताने मला महाडला निरोप दिला, आणि मी मावशीला कान तपासायला महाडलाच बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होते, पुण्यात शिकलेले, आठवड्यातून ठरावीक दिवशी तिथे बसायचे. त्यांनी कानामागे थरथरणारा लोखंडी चिमटा टेकवून पाहिला, कागदावर काही आलेख काढले, आणि मग खुर्ची ओढून मावशीच्या अगदी समोर बसले. तिच्याशी बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"मावशी, तो बाजा कधी तुम्हाला न येणारं गाणं वाजवतो का?"

मावशीने विचार केला. तिच्या विचार करण्याला वेळ लागायचा आणि डॉक्टरांनी तो दिला. "नाय," ती म्हणाली. "माजीच गाणी वाजिवतो. दुसरं येतंच नाय त्याला."

डॉक्टर म्हणाले, "कारण तो ओढ्यापलीकडे नाही, तुमच्या डोक्यात आहे. कानातून आवाज यायचे कमी झाले की मेंदू रिकामा बसत नाही. आत साठवलेलं काढतो आणि वाजवतो. कान गेलेल्या पुष्कळ माणसांना असं होतं. कुणाला भजन ऐकू येतं, कुणाला बँड. हे वेड नाही."

"म्हंजे माजंच मला आयकवतो?"

"हो."

"मंग चांगला हाय की," मावशी म्हणाली.

डॉक्टर हसले. त्यांनी तिला कानात घालायचं यंत्र दिलं. त्याची डबी कंबरेला खोचायची आणि वायर कानापर्यंत न्यायची. ते लावलं की बाजा लांब जातो, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. पण भांडी फार जवळ येतात, अशी तिची तक्रार होती, म्हणून ते बहुतेक वेळ फडताळात राहिलं. परतीच्या एसटीत ती मला म्हणाली, "डाक्टरला वाटलं मी घाबरले. मी बाज्याला नाय घाबरत रे. लाडीच्या तोंडाला घाबरते."

डॉक्टरांचं म्हणणं मी लाडूबाईच्या दारात जाऊन सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तिचं कान गेलं, मानलं. माजं तर शाबूत हायत ना? मंग मला कसा येतो?" प्रश्न रास्त होता. त्या संध्याकाळी पाऊस होता आणि मी मावशीच्या पडवीत बसलो होतो. आधी ओढ्याचा आवाज येत होता. मग त्याच्या खाली ढोल सुरू झाला, सावकाश, वरातीच्या चालीचा. थोड्या वेळाने त्यावर सनई आली. लग्नाचा मोसम नाही, पलीकडे घर नाही, वाजवणारे सगळे आपापल्या शेतात चिखलात आहेत, हे मला माहीत होतं. तरी सनई येत राहिली. मला ती ऐकू आली एवढीच इथे नोंद.

ही गाठ सुटली ती बांगड्यांमुळे. गौरी-गणपतीच्या आधी वाडीतल्या बायका नव्या बांगड्या भरतात. महाडची हमीदाबी त्यासाठी दर वर्षी येत असे. एसटीने फाट्यावर उतरायची आणि बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन चालत वर चढायची. ती कायम मावशीच्याच पडवीत बसायची, कारण पावसात कोरडी राहणारी तेवढीच पडवी होती. त्या वर्षीही येऊन बसली. वाडीत काय चाललंय याची तिला कल्पना नव्हती. बांगड्या तर भरायच्याच, आणि हमीदाबी दुसऱ्या घरी हलायला तयार होईना. शेवटी एकेक करत सगळ्या आल्या. लाडूबाईही आली आणि मावशीपासून सगळ्यात लांब, खांबाला टेकून बसली. शनिवार होता, म्हणून मीही तिथे होतो.

हमीदाबी लाडूबाईच्या हातात बांगडी चढवत असताना पाऊस वाढला. लाडूबाईचा हात एकदम ताठ झाला.

"हात सैल सोड गो, फुटंल."

"तुला येतंय काय?" लाडूबाईने हळूच विचारलं. नाव घ्यायचं नव्हतं.

"काय येतंय?"

"आयक की."

हमीदाबीने मान कलती केली. "वहाळाचं पाणी येतंय. आन् कुटंतरी डब्यावर पागोळी पडतेय."

"आनखी?"

"आनखी तुजा जीव वाजतोय धडधड. सोड हात."

दोघी-तिघी हसल्या, पण जपून. मावशी समोरून सगळ्यांची तोंडं वाचत होती. तिला काय कळलं आणि किती, हे मला सांगता येणार नाही. ती पुढे सरकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हमीदा, बाजा हाय. नीट आयक. सनई येतेय."

नाव घेतलं गेलं होतं. लाडूबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. हमीदाबीने पुन्हा मान कलती केली आणि यावेळी तिचा चेहरा बदलला. "या अल्ला... हा गो. सनईच हाय. आन् मागनं ढोल." ती पेटीचं झाकण लावू लागली. "मगाशी नव्हता. खरं सांगते, मगाशी नव्हता."

"मगाशी नव्हता," मावशीने ते तसंच परत म्हटलं. मग बोट स्वतःकडे केलं. "मगाशी मी सांगितला नव्हता."

मला वाटलं ती आता थांबेल. पण तिने सुनीतेकडे तोंड केलं. "आता ट्रक आयक. भरलेला हाय, घाट चढतोय."

सगळ्या ऐकू लागल्या. ओढा तोच, पाऊस तोच. सुनीतेचे डोळे मोठे झाले. "आई, खरंच की... गेर टाकला बगा त्याने!" मग एकजण म्हणाली, गिरणी आयका, आणि गिरणी आली. दुसरी म्हणाली, माजा नवरा घोरतोय, आणि पडवीभर तोही घोरला. हमीदाबी पेटीवर डोकं टेकून हसत होती. "तुज्या नवऱ्याला पंख्याची पाती लावलीत काय गो? किती घरघरतोय तो!"

लाडूबाईने कानांवरचे हात काढले होते, पण ती हसत नव्हती. "मला अजून बाजाच येतोय," ती म्हणाली. तेव्हा सुनीता डोक्यावर पोतं घेऊन बाहेर गेली. घराच्या मागच्या बाजूला रॉकेलचा रिकामा डबा पालथा पडलेला होता, आणि कौलांची पागोळी नेमकी त्यावर पडत होती. तिने डबा उचलला. पडवीत बसलेल्या सगळ्यांना फरक कळला.

"ढोल गेला," लाडूबाई म्हणाली.

मावशीने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "तुमचा गेला?" ती म्हणाली. "माजा चालूच हाय."

यावर लाडूबाई हसली. आधी हसली आणि मग तिने पदर तोंडाला लावला. "मंग धोंडूमामा?" तिने विचारलं. प्रश्न मावशीला कळावा म्हणून पदर खाली घेऊन तिने तो परत विचारला. मावशी म्हणाली, "धोंडूमामा पिकलं पान होतं, लाडे. किती दिस आंथरुणात होता तो. त्याला न्यायला बाजा कशाला लागतो?"

आवाज कानात शिरतो तेव्हा त्याला आकार नसतो. आकार आपण देतो, आणि कुणीतरी आधी नाव सांगितलं असेल तर त्या नावाचा देतो. एकदा दिला की काढता येत नाही. पडवीत त्या दुपारी जे झालं त्याचा मी लावलेला अर्थ एवढाच. मावशीने असा काही अर्थ लावला नाही. तिने एक रीत काढली. कुणी काही ऐकल्याचं सांगायला आलं की ती त्याला तिथेच थांबवायची. "काय आयकलंस ते सांगू नको. दुसऱ्याला इथं बोलव आन् नुसतं इचार, काय येतंय." ही रीत पुढे वाडीने उचलली. पुढच्या एका पावसाळ्यात वसंताला मागच्या डोंगरातून काहीतरी ऐकू आलं. त्याने काय ऐकलं ते न सांगता तिघांना वेगवेगळं विचारलं, आणि तिघांनीही बैलाचं हंबरणं असंच सांगितलं. घळीत उतरून पाहिलं तर लाडूबाईचा बैल पाय अडकून पडलेला होता. दोर लावून त्याला जिवंत वर काढला. लाडूबाईने त्या दिवशी मावशीच्या घरी तांदळाची खीर पाठवली, आणि बरोबर निरोप पाठवला की गूळ कमी आहे असं वाटलं तर आधी सुनीतेला चाखवून विचार.

पण हे नंतरचं. त्या श्रावणानंतर लाडूबाई लगेच बदलली नाही. डबा उचलला तरी भीती उचलली जात नाही. बायका पडवीत पुन्हा बसू लागल्या, बाळंतिणींची दारं उघडली, पण हळदीबद्दल कुणी काही बोललं नाही. मावशीनेही विचारलं नाही. दिवाळीत मी गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसून कुसुमच्या सासरची नावं पुटपुटत होती. कुठून मिळवली म्हणून विचारलं तर म्हणाली, हमीदाकडून. हमीदाबी त्या गावातही बांगड्या भरायला जायची.

माघात लाडूबाई अक्षता घेऊन आली. मी तिथे नव्हतो. सुनीतेने मला हे सांगितलं आहे, आणि वसंताने वेगळं विचारल्यावरही तसंच सांगितलं आहे. लाडूबाई मावशीच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "हळदीला ये."

"कुटं बसू? मागं?"

"मागं बसून काय माशा मारनार? जात्यापाशी बस. गाणं धर."

"मला तुमचं काय आयकू येत नाय, लाडे."

"आमचं कधी आयकलंस तू? कान होतं तवा तरी?"

वैशाखात कुसुमची हळद झाली. मांडव आंब्याच्या टहाळ्यांनी सजवलेला होता, आणि लाऊडस्पीकर होता पण बायकांनी तो बंद करायला लावला. लाडूबाई नेहमीसारखी मावशीच्या उजवीकडे न बसता जात्याच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर बसली. मावशीने यंत्र घरीच ठेवलं होतं. तिने पहिली ओळ धरली. आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला होता आणि थोडा उंच लागला होता, पण बायका झेलताना लगेच त्या उंचीवर गेल्या. कुसुमच्या आजीचं नाव जागच्या जागी आलं. सासरच्या एका चुलत सासूचं नाव आलं, ते त्या घरच्या माणसांनाही आठवलं नव्हतं, आणि तिकडच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने "वाह गो बाय" म्हटलं. ते तिला ऐकू गेलं नाही. सगळे तिच्याकडे पाहून हसत होते ते मात्र दिसलं. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, गाताना बाजा वाजत होता का. "वाजत होता तर. तेच गाणं. माज्या पुढं पळत होता मेला. मी म्हटलं, थांब जरा, लाडीचं तोंड मिटू दे."

त्यानंतरची वर्षं तिने बाज्याबरोबर काढली. वाडीत तो चेष्टेचा विषय झाला. कुणाचं लग्न ठरत नसेल तर लोक म्हणायचे, चंद्राकाकूचा बाजा फुकट हाय, तोच न्या. सुनीतेची मुलगी लहान असताना आजीच्या कानाला कान लावून बसायची. मध्ये एकदा तो काही आठवडे बंद पडला. तेव्हा मावशी चिडचिडी झाली आणि मग तो परत आला म्हणून तिने सुनीतेला पुरणपोळी करायला लावली. काका निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांना हे सगळं नवीन होतं. "हिच्या डोक्यात लग्न, आन् माज्या डोक्यात गोदाम," ते म्हणायचे. कान नीट असूनही काकांना मुंबईच्या गोदामाचं शटर पडल्याचं रोज संध्याकाळी ऐकू यायचं. मावशी त्यांना म्हणायची, सांगू नका, आधी मला इचारा.

संक्रांतीला मी तिला शेवटचा भेटलो. पडवीत उन्हाला बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, बाजा कसा आहे म्हणून विचारलं. "आता नुसती सनई येते," ती म्हणाली. "ढोलवाला दमला." हे सांगताना तिच्या तोंडावर काळजी नव्हती. मग तिने माझ्या आईची चौकशी केली, महाडला पाणी येतं का ते विचारलं, आणि तिळाचा लाडू दिला.

गेल्या आठवड्यात वाडीत हळद होती, कुसुमच्या धाकट्या भावाची. मावशीच्या घरी सुतक संपलं आहे. पण वर्षभर त्या घरचं कुणी गाण्यात बसणार नाही, म्हणून सुनीता मांडवाच्या बाहेर उभी होती आणि मी तिच्याजवळ उभा होतो. गाणं लाडूबाईने धरलं. तिच्यासमोर बसून झेलणाऱ्या मुली वयाने विशी-बाविशीच्या होत्या. मावशीला ऐकू येत होतं तो काळ त्यांना आठवतही नाही. लाडूबाईची ओळ संपली, मुलींनी झेलली, आणि मग सगळ्या थांबल्या. जात्याचा खुंटाही थांबला. मग पुढची ओळ आली. ती झेलली गेली आणि पुन्हा तेवढंच थांबणं. पूर्वी या गाण्यांत असं थांबत नसत. हे थांबणं मावशीचं होतं. समोरचं तोंड मिटेपर्यंत ती वाट पाहायची आणि मगच पुढे जायची. गाणं संपल्यावर मी त्यातल्या एका मुलीला विचारलं, मध्ये थांबता का? ती म्हणाली, "गाणं तसंच हाय, दादा." लाडूबाईचे कान आजही चांगले आहेत. तिला थांबायची काही गरज नाही. ती थांबते.

प्रत्येक ओळीनंतर ती जागा येते. ढोल नाही, ओढा उन्हाळ्यात आटलेला, जातं थांबलेलं. त्या जागेत मला काय ऐकू आलं ते मी इथे लिहीत नाही. या वाडीत लग्नं अजून व्हायची आहेत. कुणी गेलात तर मांडवाच्या कडेला उभे राहा, आणि मग मला सांगा, काय येतंय.